सहा आठवड्यांची कोरडी खोली

“पोलीस इलो! पोलीस इलो रे मेल्यांनो! ओता सगळा, ओता!”

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ही आरोळी सुटली तेव्हा परळच्या सगळ्या गिरण्यांचे भोंगे लाजून गप्प झाले असतील. पदर खोचलेली एक बाई कठड्यावरून अर्धी बाहेर झुकली होती आणि तिचं बोट थेट माझ्याकडे होतं. मी मागे वळून पाहिलं. मागे पोलीस नव्हता. मागे एक बकरी होती.

पुढच्या दोन मिनिटांत जे झालं ते मी नंतर शंभर ठिकाणी सांगितलं आणि शंभर ठिकाणी लोक म्हणाले, थापा मारतोस. मारतो. पण निम्म्याहून कमी. चारी मजल्यांवर दारं धडाधड उघडली. कळशा, मडकी, सायकलच्या ट्यूबा, गरम पाण्याने शेकायच्या रबरी पिशव्या, एका घरातून तर लोणच्याची बरणी, सगळं मोऱ्यांत रिकामं व्हायला लागलं. सांडपाण्याच्या नळांतून हातभट्टीचे धबधबे कोसळले. गटार दुथडी भरून वाहिलं. बकरीने त्यातलं थोडं चाखलं आणि ती शिवडीच्या दिशेने तिरकी तिरकी चालत गेली. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे बुधवारी परत आली. एक कावळा उलटा उडाला असंही मी सांगत असे. ते मात्र आता मागे घेतो.

आणि त्या पुराच्या मधोमध, मेव्हण्याचे बूट घालून, मी उभा. न पिणाऱ्या माणसाला सहा आठवडे राहण्याजोगी खोली इथे मिळेल का, एवढंच विचारायला आलेलो. जिच्यापासून तीन महिने अकरा दिवस पळत होतो, ती माझ्या बुटांत शिरत होती. खरं सांगतो, तिथून जितक्या लवकर निघायला हवं होतं त्यापेक्षा मी थोडा उशिराच निघालो.

आता हे सगळं का, ते सांगायला हवं.

मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, जुळवणारा. आमच्या तालुक्याच्या गावी एकच छापखाना, त्यात मी एकच जुळारी, आणि मी बाटलीतला. एका लग्नसराईत, दुपारीच भरपूर झालेली असताना, मी एक लग्नपत्रिका आणि एक तेराव्याचं पत्र शेजारीशेजारी जुळवायला घेतलं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नवरदेवाच्या तेराव्याला यायचं आग्रहाचं निमंत्रण पाचशे घरी गेलं. नवरदेवाच्या आजीने ते वाचून अंथरूण धरलं. मालकाने मला काढलं. बायकोने मात्र काढलं नाही; ती स्वतःच मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना रडली असती तर मी चार खोटी वचनं देऊन तिला थांबवलं असतं. ती रडली नाही.

तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, पोस्टात. मोजून बोलणारा माणूस. तीन महिने मी कोरडा राहिलो हे त्याने स्वतःच्या नाकाने तपासलं आणि मग म्हणाला, “गिरगावात एका छापखान्यात माणूस पाहिजे. सहा आठवडे. सभांची पत्रकं, पोस्टरं, रात्रंदिवस काम आहे. जा. तिकडून कोरडा परत आलास तर बहिणीला आणि पोरीला मी स्वतः तुझ्या दारात आणून सोडतो. नाही आलास तर दार विसर.” वर आपली जुनी खाकी पँट आणि तपकिरी बूट दिले. निघायच्या आदल्या दिवशी गावच्या न्हाव्याने माझे केस असे कापले की कानाच्या वर हजेरी घेण्यापुरतेच उरले. खाकी पँट, तपकिरी बूट, कापलेलं डोकं. या वेषात मी दारूबंदी असलेल्या मुंबईत दाखल झालो.

दारूबंदी होती म्हणजे दारू दुकानात मिळत नव्हती. बाकी सगळीकडे मिळत होती. सायकलवाला पोटाशी ट्यूब बांधून जायचा. मी लालबागच्या नाक्यावर एका सकाळी आठ महिन्यांचे गरोदर असे अकरा बाप्ये मोजले. ज्या शहरात उघड गुत्ता असतो तिथे न पिणाऱ्याला निदान कळतं की या रस्त्याने जाऊ नये. इथे कुठला रस्ता टाळणार? शिंप्याच्या दुकानात मशीनखाली, फुलवाल्याच्या टोपलीत झेंडूखाली, सगळीकडे ती, आणि सगळीकडे नाही असं म्हणत.

पहिला मुक्काम, काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, लालबागला, आमच्या गावकीच्या खोलीत. मुंबईत कामाला आलेल्या गावच्या बाप्यांनी मिळून घेतलेली ती खोली, दहा बाय बारा, आणि तिच्यात माणसं बेचाळीस. भिंतीवर छतापर्यंत ट्रंका. रात्री कूस बदलायची तर एकाने हाळी द्यायची आणि सगळ्यांनी एकदम बदलायची. एकजण चुकून उलटा वळला तर त्याचं लग्न मोडेपर्यंत लोक चिडवत. जागा नसली तरी गावचा माणूस म्हणून मला उंबऱ्याजवळ वीतभर मिळाली. तीन दिवस छान गेले. मग रविवार आला.

रविवारी जेवणाआधी राखणदाराचा मान. गावची वेस राखणारा आमचा देव, तो मुंबईतही आमच्याबरोबर आलेला, कोनाड्यात एका नारळात बसलेला. त्याला पेला भरून ठेवायचा, थोरल्या काकांनी गाऱ्हाणं घालायचं, आणि मग तोच पेला सगळ्यांत फिरवायचा, एकेक घोट. मी म्हटलं, “काका, मी सोडलीय.”

“सोडलीस ती दारू,” काका म्हणाले. “हो देवाचो घोट. ह्याका दारू म्हणू नये.”

“वास तोच येतोय.”

“देवाचो वास घेऊ नये.”

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. पेला माझ्यापर्यंत आला. मी तो कपाळाला लावला आणि ओठ न लावता पुढे दिला. त्या दुपारी माझ्या पानात माशाचं डोकं पडलं नाही, शेपटी पडली. मला शेपटीचं काही नव्हतं. भीती पुढच्या रविवारची होती. बायकोला नाही म्हणता येतं, मालकाला नाही म्हणता येतं. देवाच्या नावाने आलेल्या घोटाला दर आठवड्याला नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढं माझ्याकडे तेव्हा शिल्लक नव्हतं. सोमवारी ट्रंक उचलली.

छापखान्याच्या मालकांनी गिरगावातलं एक घर सुचवलं. जुनं मुंबईकर कुटुंब, एके काळी वाड्या-बागा असलेलं. घरधनी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, घरातसुद्धा टोपी. मी दारातच सांगून टाकलं, की मी घेत नाही आणि जिथे घेतात तिथे राहत नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हे आता मला मांडीवर घेतात.

“अहो, मला असाच भाडेकरू हवा होता! आमच्याकडे तसलं काही नाही बरं का. चार पिढ्यांत नाही.”

खोली सुरेख. उंच छत, रंगीत काचांची खिडकी, पितळी कड्यांचं कपाट. मी ट्रंक ठेवली. त्यांनी कपाट उघडलं. आत एक बाटली, अर्धी भरलेली, आणि शेजारी चौकटीत घातलेला सरकारी परवाना.

“हे औषध,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी लिहून दिलेलं. परवाना आहे, पाहून घ्या. सौभाग्यवतींना हे देवघराच्या बाजूला चालत नाही, म्हणून या खोलीत ठेवतो. आधीचा भाडेकरू त्यात पाणी घालून ठेवायचा. तुम्ही घेत नाही म्हणजे बाटली सुरक्षित. मी आपला संध्याकाळी येईन, दोन चमचे घेईन, जाईन.”

“किल्ली?”

“किल्ली कशाला? तुम्ही घेत नाही ना!”

माझ्यावर आयुष्यात कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता, आणि तो चुकीच्या जागी टाकला होता. माझ्या उशीपासून त्या कपाटाचं अंतर मी नजरेने मोजलं: साडेतीन पावलं. दिवसा मी ती चाललो नसतो. पण दिवस काय, बारा तासांचा. मी नमस्कार केला, ट्रंक परत उचलली, आणि गृहस्थ बिचारे जिन्यापर्यंत मागे येत राहिले, “अहो, पण अडचण काय? अडचण काय?” म्हणत.

दादरला एका खानावळीवाल्याने मला सुनावलं की दारू सोडली म्हणजे आधी पीत होतास, आणि आधी पीत होता तो परत पिईल, तेव्हा नको. हे गणित मला घरचंच होतं, त्यामुळे वाद घातला नाही. मग परळ-चिंचपोकळीकडच्या चाळी पायाखाली घातल्या. आणि तिथे माझी अक्कल मी सर्वांत स्वस्तात विकली. प्रत्येक चाळीत शिरलं की पहिल्या भेटेल त्याला विचारायचं, “काय हो, या चाळीत दारूबिरू असते का? कुणाकडे? कुठल्या खोलीत?” मला आपलं वाटायचं, मी चौकस भाडेकरू आहे. खाकी पँट, तपकिरी बूट, कापलेलं डोकं.

असा मी त्या चाळीत पोचलो आणि गटार दुथडी भरलं.

मी पळालो तो नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. बूट झटकत उभा होतो, तोच मागून हाक आली. “ओ पोलीस! जरा थांबा.” तीच बाई. पदर अजून खोचलेलाच. काही अंतर चालून आली होती पण दमलेली दिसत नव्हती.

“बाई, मी पोलीस नाही.”

“ठाऊक असा माका. पोलीस असो विचारीत नाय. तो येता, हप्तो घेता नि जाता. ‘दारू असते का हो इथे’ म्हणून दारोदार विचारणारो येडो सरकारने अजून भरती केल्यानी नाय.”

“मग ओरडलात कशाला?”

“ओतूक होयी होती ती, म्हणून.”

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. ती खानावळ चालवायची, गिरणीतले पंचवीस-तीस जण तिच्याकडे जेवून जायचे. नवरा साच्यावर, म्हणजे मागावर, कापडखात्यात, हाताने अतिशय कसबी. त्याच मजल्यावर दोन खोल्यांत हातभट्टीचा धंदा. गिरणी सुटली की घरात पाऊल टाकण्याआधी त्याला ती दोन दारं ओलांडावी लागत, आणि तीन वर्षांत त्याने ती एकदाही नुसती ओलांडली नव्हती.

“तुमका कोरडी खोली होयी,” ती म्हणाली. “माका कोरडो मजलो होयो. माझ्या गॅलरीत खाट टाकतंय. सहा आठवडे ऱ्हवा, दोन्ही वेळा जेवा. चाळीत सगळ्यांका वाटता तुमी दारूबंदीचे खबरे. वाटांदे.”

“म्हणजे मी खोटं सांगायचं?”

“सांगूचा कायच नाय. गप ऱ्हवाचा.”

“आणि तुमच्या घरातल्यांना?”

“त्यांका तर अजिबात नाय.”

मला गप्प राहायला सांगणं म्हणजे कोंबड्याला सूर्य उगवला तरी आरवू नकोस म्हणून सांगणं. पण तिने मागितलेलं भाडं तेवढंच होतं, आणि खोली माझ्या सगळ्या अटींत बसत होती. मी तिला वहिनी म्हटलं आणि तिच्या मागोमाग गेलो.

तो मजला खरोखर कोरडा झाला. दोन्ही धंदेवाल्यांनी दारांना कुलपं ठोकून धंदा मागच्या चाळीत हलवला. मला का ठेवलं असं कुणी वहिनींना विचारलं तर ती म्हणायची, सरकारच्या माणसाला नाही कोण म्हणणार? मी जिन्यात दिसलो की वर शिट्टी वाजायची. नळावर मी बादली घेऊन गेलो की रांग आपोआप दुभंगायची. पाणी मला सगळ्यांत आधी मिळायचं आणि बोलणं कधीच नाही. वाळत घातलेल्या माझ्या लेंग्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी कोळशाने ‘सरकार’ लिहिलं. पुढे मी तो लेंगा धुतला, पण अक्षर राहिलं. चांगलं वळणदार होतं, मला आवडलंही.

त्या वर्षांत खबऱ्या म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळणार नाही. शहर तापलेलं होतं. लोकांनी गोळ्या पाहिल्या होत्या, आपल्या गल्लीतली माणसं गमावली होती. सरकारचा कान असलेला माणूस शेजारी झोपतो म्हटल्यावर त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचं, त्या नजरेने साडेतीनशे माणसं रोज मला बघत. आणि मी? मी दिवसभर गिरगावात लाकडी टाइपांतून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ जुळवत बसायचो. ‘च’ इतका झिजला की शेवटी मालकांनी तो सुताराकडून नवा करून घेतला. एका संध्याकाळी परतलो तर तेच पोस्टर चाळीच्या तोंडाशी लावलेलं. खाली बसलेल्यांपैकी एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, “वाच रे, नीट वाच. आणि तुझ्या सायबाला जाऊन सांग.” मी वाचलं. दुसऱ्या ओळीत एक काना किंचित कलला होता. माझाच. तेवढी लाज त्या नजरांचीसुद्धा वाटली नव्हती.

पण खरी शिक्षा गॅलरीत होती. वहिनींचा नवरा.

पहिले चार दिवस तो माझ्याकडे पाठ करून बसायचा. गिरणीतून सरळ घरी यायचा, कारण वाटेत थांबायला दार उरलं नव्हतं, आणि यायचा तो माझ्यावर दात खात. चहाची बशी त्याच्या हातात वाजायची. कपाळावर घाम, अंगात कापरं, तोंडाची चव गेलेली. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून द्यायचा. हे सगळं मला पाठ होतं, स्वतःच्या हस्ताक्षरासारखं. मला त्याला सांगायचं होतं, की बाबा, चौथा दिवस सगळ्यांत वाईट. पाचव्या दिवशी गूळ खा, खूप पाणी पी, हात कापले तर काहीतरी जुळवत बस. सातव्या दिवशी झोप येते आणि ती झोप अशी असते की माणूस उठून रडतो. अख्ख्या चाळीत या विषयातला मी एकच पंडित, आणि तोंडाला कुलूप. सरकारी खबऱ्याला चौथ्या दिवसाची माहिती कुठून असणार?

पाचव्या दिवशी मी फक्त गुळाचा खडा त्याच्या बशीत ठेवला. त्याने तो उचलून कठड्याबाहेर टाकला.

तरी तो सुधारत गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने स्टोव्हचा पंप दुरुस्त केला. मग दाराची करकर काढली. मग एक जुना पाट घासून, रंधा मारून इतका गुळगुळीत केला की वहिनींनी त्याच्यावर बसायचं टाळलं. ती त्याला काही म्हणायची नाही. फक्त पोळपाटावर लाटताना मधूनच हात थांबवून त्याच्या पाठीकडे बघायची, आणि परत लाटायला लागायची. मी खाटेवर पडून हे पाहायचो आणि मनात म्हणायचो, हिच्यासाठी मी आणखी चार आठवडे मुका राहीन. चार आठवडे काय, बाराही महिने राहीन. मनातल्या मनात मी नेहमीच फार मोठा माणूस असतो.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका सभेच्या आदल्या दिवशी पोलिसांनी तळमजल्यावरच्या एका माणसाला उचलून नेलं. कुणी सांगितलं असेल? चाळीला विचार करायची गरजच पडली नाही.

रविवारी दुपारी मी जेवून खाटेवर बसलो होतो. वीस-पंचवीस जण गॅलरीत आले. पुढे तिसऱ्या मजल्यावरचा पैलवान, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, कान मोडलेले, आवाज अगदी मऊ. मऊ आवाजाच्या माणसाला मी आयुष्यभर घाबरत आलोय. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा तिच्या मागे.

“सांग,” पैलवान म्हणाला. “कोण आहेस तू?”

मी खिशातून पत्रक काढलं. “हे मी जुळवलंय. हात बघा, शाई बघा.”

“पत्रक खबऱ्याच्याच खिशात असतं. आणि शाई काय, सायबाच्या कचेरीतपण असते.” त्याने मागे हात केला. कुणीतरी त्याच्या हातात पेला दिला. काचेचा, काठोकाठ भरलेला. “पोलिसाचा माणूस असशील तर आमच्यात बसून पिणार नाहीस. नसशील तर घे. एकाच घोटात कळेल.”

या तर्कशास्त्रात भोकं होती. खबऱ्या तर सगळ्यांत आधी प्याला असता! पण पंचवीस माणसांना तर्कातली भोकं दाखवायची ती वेळ नव्हती. पेला माझ्या छातीपाशी होता. मला तो वास ओळखत होता.

मी थापाड्या माणूस. मी थापांना हाक मारली. म्हटलं, “मला यकृताचा आजार आहे.” पैलवान म्हणाला, “दोन्ही वेळा सुक्या बोंबलाचं कालवण चेपतोस, ते आम्ही बघतो.” म्हटलं, “ज्योतिषाने सांगितलंय, साडेसाती उतरेपर्यंत...” मागून कुणीतरी हसलं. म्हटलं, “आमच्या घराण्याला एका साधूचा...” आणि तिथे माझ्या तोंडात थाप संपली. तसं आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. खाली पाहिलं तर माझाच हात पेल्याकडे निघालेला. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपणहून निघाला होता.

“मी दारुडा आहे,” मी म्हणालो. “चार महिने प्यालो नाही. हा पेला घेतला तर माझी बायको आणि पोर मला परत दिसायची नाहीत. खबऱ्या नाही मी. खोली शोधत आलो होतो, जिथे दारू नसेल अशी. बाकी काही नाही.”

खाली नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती, तिचा आवाज येत राहिला. पैलवानाने माझ्या हाताकडे पाहिलं. तो कापत होता. हाताला थाप मारता येत नाही, हे त्या माणसाला ठाऊक असावं. त्याने पेला कठड्याबाहेर रिकामा केला.

“आधी नाय सांगायचं?” तो म्हणाला, आणि एकाला म्हणाला, “जा रे, इराण्याकडून चहा आण सगळ्यांना.”

मी वहिनींकडे पाहिलं. ती आत गेली होती. तिचा नवरा मात्र तिथेच उभा होता आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तोंडाकडे तोंड करून मला बघत होता. मला वाटलं, आता यालाही धीर येईल. आता मी त्याला चौथ्या दिवसाचं, सातव्या दिवसाचं सगळं सांगू शकेन.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. नळावर मला रांगेत उभं राहावं लागलं. लेंगा कुणीतरी स्वतः धुऊन आणून दिला. संध्याकाळी गॅलरीत माणसं जमायची आणि मी तीन आठवड्यांचं तुंबलेलं बोलणं सोडायचो: तेराव्याचं निमंत्रण, बेचाळीस माणसांची कूस, तिरकी बकरी. कठडा पडेल इतके हसायचे. वहिनींचा नवराही येऊन बसायचा, हसायचा. मी त्याला गुळाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. तो मान हलवायचा. बोलता बोलता माझं लक्षच नव्हतं, की शेजारच्या दोन दारांची कुलपं निघाली आहेत. कशाला राहतील? खबऱ्या नव्हता ना आता मजल्यावर.

बुधवारी गिरणी सुटली आणि तो घरी आला तो उशिरा. जिन्यातच मला कळलं. नाकाला कळलं. तो माझ्या खाटेजवळून गेला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने, आणि आत जाऊन त्या गुळगुळीत पाटावर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळीला गेल्यावर मी ट्रंक बांधली. त्या मजल्यावर आता मला राहता येणार नव्हतं. तो वास दाराबाहेरून वाहत होता आणि माझे सहा आठवडे अजून संपले नव्हते. वहिनी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी समोर उभा राहिलो. रात्रभर जुळवलेली मोठी वाक्यं होती जवळ. त्यातलं एकही निघालं नाही.

“वहिनी,” मी म्हणालो, “मी खरं तेच बोललो. दुसरं काय करणार होतो?”

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“गप ऱ्हवाचे अजून तीन आठवडे होते तुमचे,” ती म्हणाली.